घोणीच्या पाठीवर केशर

भडगावच्या आमच्या घरात कुठलाही किडा मारायचा नाही, हे मला लग्नाआधीच माहीत होतं. त्यात नवल नव्हतं, मीही जैनाचीच मुलगी. धुळ्याला माहेरीही पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, चुलीत घालायचं लाकूड आधी आपटून पुंजणीच्या मऊ कुंचल्यानं झाडून घ्यायचं, हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण दोन्ही घरांत एक फरक होता. माहेरी आम्ही झुरळ कागदावर घेऊन खिडकीबाहेर टाकायचो आणि विसरून जायचो. सासरी त्याची पुढची सोयही बघितली जायची.

ही सोय बघायच्या माझ्या सासूबाई. नवरा त्यांना 'बाई' म्हणायचा, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. त्या मला बीनणी, म्हणजे मारवाडीत सूनबाई, म्हणायच्या. सासरे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेले. घरात आम्ही तिघंच, आणि सत्तर सालच्या आसपास माझी मुलगी झाली तेव्हा चौघं. पुढे सरकी-ढेपेचं दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा, असं आमचं घर. बाईंकडे एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला भोकं पाडलेला, आणि एक सांडशी, टोकांना मऊ फडकं गुंडाळलेली. किडा दिसला की तो सांडशीनं अलगद उचलायचा, डब्यात ठेवायचा, आणि दिवस मावळायच्या आत त्याला मानवेल अशा जागी सोडायचा. उन्हात टाकला तर तो मरतो आणि पाप आपल्यालाच लागतं, असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं. चांगलंच महागात पडलं ते कौतुक.

बाळंतपण धुळ्याला उरकून मी मुलीला घेऊन परत आले ती भर आषाढात. माळ्यावर पत्र्याचा आवाज आणि उकाडा, पुढच्या खोलीत दुकानाचा राबता, म्हणून आम्हा मायलेकींना अगदी मागची खोली मिळाली. त्या खोलीला आतच एक मोरी होती. दुपटी-लंगोट धुवायला बरं, असं नवऱ्यानं सांगितलं. ही खोली पूर्वी बाईंच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते तिथेच वारले होते. त्यांची खाट भिंतीला उभी करून ठेवली आणि खाटेच्या जागी आढ्याला दोर बांधून पाळणा टांगला. बाईंनी तो टांगताना पाहिला आणि नुसतंच "इथंच?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मग कुठे, दुकानात टांगू?" माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे.

पहिले आले ते वाणी. सकाळी मोरीत गेले तर भिंत गंजल्यासारखी तांबूस दिसली. जवळ जाऊन बघते तर गंज हलत होता. बोटाच्या पेराएवढे, गोल अंगाचे, बारीक केसांसारखे असंख्य पाय असलेले किडे, सगळे एकाच दिशेनं, वर चाललेले. घाई नाही, गडबड नाही. एकाला काडी लावली तर त्यानं पैशासारखं वेटोळं केलं आणि टपकन खाली पडला. काडीला पिवळट डाग लागला आणि टिंक्चरसारखा उग्र वास सुटला. तो वास पुढे दोन महिने माझ्या नाकातून गेला नाही. मुलीच्या दुपट्यांना यायचा, माझ्या केसांना यायचा.

"हे काही करत नाहीत," नवरा म्हणाला. खरंच होतं ते. वाणी बिचारा कुजका पालापाचोळा खातो, चावत नाही, पळत नाही. पण एवढे सगळे येतात कुठून, हे कोणी विचारेना. मी सुपलीत भरभरून बाहेर टाकायची, दुसऱ्या दिवशी भिंत पुन्हा तांबूस.

मग एका दुपारी घोण आली.

मुलगी पाळण्यात झोपली होती, मी खाली बसून तांदूळ निवडत होते. कोनाड्यात अंथरलेल्या कागदावर सरसर असा आवाज झाला. वाळलं पान ओढत न्यावं तसा. वर बघितलं तर कोनाडा रिकामा. मग नजर दोरावर गेली. पाळण्याच्या दोरावरून वीतभर लांब, चपटी, काळपट तपकिरी घोण खाली उतरत होती. वाणी कसा रमतगमत चालतो, ही तशी नव्हे. अंगाच्या दर पेराला पायांची एक जोडी, पिवळी धमक, आणि सगळे पाय लाटेसारखे एकामागून एक उचलले जात होते. मधेच ती थांबली. पुढच्या दोन मिशा हवेत फिरवल्या, मुलीच्या बाजूला. माझ्या हातातलं ताट खाली पडलं.

मुलीला उचलून मी दारात गेले आणि बाईंना हाक मारली. त्या डबा आणि सांडशी घेऊन आल्या. उंबऱ्यात थबकल्या. दोरावर काय आहे ते त्यांनी पाहिलं, आणि पदर ओढून हनुवटीपर्यंत घुंगट घेतला.

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, कोणी वडीलधारं माणूस आलं. मागे कोणीही नव्हतं. खोलीत आम्ही दोघी, मुलगी आणि दोरावरची ती घोण. बाई घुंगटातूनच पुढे झाल्या, जराही न चुकता घोणीला सांडशीत धरलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. आतून पत्र्यावर पायांची खरखर ऐकू येत राहिली. डबा दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, त्या उलट्या पावलांनी खोलीबाहेर गेल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाईंना पदराची सवय आहे." सवय! पोटच्या मुलासमोर घुंगट न घेणारी बाई किड्यासमोर घेते, त्याला हा सवय म्हणतो. मी कपाळावर हात मारला.

आठवडाभरात ती पुन्हा आली. या वेळी उभ्या खाटेच्या दोऱ्यांमधून निघाली आणि जमिनीवरून सरळ पाळण्याखाली येऊन थांबली, पूर्वी खाट असायची बरोबर तिथं. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं होतं. डोक्यामागच्या पेरावर पिवळा ठिपका दिसला. मला वाटलं रंगच असेल तिचा. मग वाकून पाहिलं. तो रंग नव्हता. वाळलेलं गंध होतं. आमच्या घरात सकाळी केशर-चंदन उगाळून कपाळाला लावतात ना, तेच. घोणीला कोणीतरी टिळा लावला होता.

मी मुलीला उचललं. बाई आपणहून आल्या, त्यांना कसं कळलं कोण जाणे. पुन्हा तोच घुंगट, तोच डबा. त्या दिवशी मात्र मी मुलीला कडेवर घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले. त्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या, बोळाला वळसा घातला आणि घराच्या मागच्या भिंतीशी आल्या. तिथे पऱ्हाट्यांचा मोठा ढीग होता. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आमच्याकडचं सरपण. वरच्या पऱ्हाट्या आम्ही जाळायचो, पण तळाच्या थराला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नव्हता. ज्या सरपणात जीव दिसला ते चुलीत घालायचं नाही, हलवायचंही नाही, असा बाईंचा दंडक. त्यामुळे तळ कुजून काळा लगदा झाला होता. बाईंनी डबा तिथे आडवा केला. घोण निघून ढिगात शिरली. मग त्यांनी कमरेला टेकवलेला लोटा घेतला आणि ढिगावर पाणी ओतलं. सावकाश, धार न तोडता, एखाद्या आजाऱ्याच्या तोंडात घालावं तसं. डोक्यावरचा पदर तसाच हनुवटीपर्यंत.

आणि त्या ढिगामागची भिंत माझ्याच मोरीची होती. मोरीचं पाणी बाहेर पडायचं भोक त्या ढिगातच उघडत होतं.

"बाई, तुम्ही इथे सोडता आणि ती त्या भोकातून परत माझ्या खोलीत येते," मी म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "वळसा घालून जाता कशाला? सरळ पाळण्यातच ठेवा ना!"

त्या दचकल्या, पण रागावल्या नाहीत. "ओल लागते त्यांना," एवढंच म्हणाल्या आणि लोटा पालथा करून निघाल्या.

आता एखादी म्हणेल, डीडीटी मारून मोकळी का झाली नाहीस. मलेरियाचे फवारणीवाले गावात यायचे, पण बाई त्यांना ओट्यावरून हात जोडून परत पाठवायच्या. आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात धजला नसता. लहानपणापासूनचं वळण असं दोन दिवसांत जात नाही. मला ती मरायला नको होती, फक्त माझ्या पोरीपासून लांब जायला हवी होती. मी मोरीच्या भोकात बोळा कोंबला. दुसऱ्या दिवशी बोळा काढलेला. पुन्हा कोंबला, पुन्हा काढलेला. मुलगी रात्री नीट झोपत नव्हती, आणि मी तर कंदील लावून आढ्याकडे डोळे लावून पडायची. दोर दिसला की मला त्यावर पाय चालताना दिसायचे, नसले तरी.

श्रावण लागला आणि जे व्हायचं ते झालं. सकाळी मुलगी पाळण्यात खुदुखुदु हसत होती, हातपाय झाडत होती. तिला उचलायला मी दुपट्याखाली हात घातला आणि तापलेली सुई आरपार जावी तशी कळ गेली. हात बाहेर काढला तर अंगठ्याच्या बुडाशी घोण चिकटलेली. झटकली तशी ती मोरीकडे पळाली. मुलीला उलटीपालटी करून, नखशिखांत तपासून पाहिलं. तिला काही झालेलं नव्हतं. मग मात्र मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं. हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, तुमचं ठीक आहे, पण एवढ्याशा बाळाला चावली असती तर अवघड होतं.

नवरा दुकानात गेल्यावर बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. सुजल्या हाताला चुना लावत म्हणाल्या, "बीनणी, त्यांनी मुद्दाम नाही केलं. तुझा हात अचानक आला असेल."

"कोणी मुद्दाम नाही केलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

बाहेर दुकानात तराजू खणखणत होता, माणसं बोलत होती. आणि ही बाई माझा हात हातात घेऊन, अगदी रोजच्या आवाजात, हे सांगत होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजेसासऱ्यांचा चौविहाराचा नेम होता, दिवस मावळल्यावर अन्नही नाही आणि पाणीही नाही. अंथरुणाला खिळले तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं, काही झालं तरी माझा नेम मोडू देऊ नका. शेवटच्या दिवशी दिवेलागणीनंतर खोलीत एकट्या बाई होत्या, घुंगट घेऊन दाराशी उभ्या. म्हाताऱ्यानं हात उचलला आणि लोट्याकडे दाखवला. बाईंनी दिलं नाही. पुन्हा दाखवला. त्या जन्मात कधी सासऱ्यांशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे "देऊ का" असं विचारताही येईना. तिसऱ्यांदा हात उचलला तो तसाच खाली पडला.

"तहान मनात ठेवून गेले ते," बाई म्हणाल्या. "इच्छा राहिली की जीव घर सोडत नाही, त्याच घरात जन्म घेतो. वर्षाच्या आत त्यांच्या खाटेखाली घोण निघाली. मी काय ते ओळखलं. तेव्हापासून पाणी घालते. पाणी पोचावं त्यांना, एवढंच."

मला त्यांची कीव आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. त्या घुंगटाचा अर्थ कळला आणि खोलीत एकटं बसवेना. मी म्हटलं, "बाई, तुमचे सासरे असोत नाहीतर कोणी असोत. तो ढीग उद्या हलला नाही तर मी पोरीला घेऊन धुळ्याची एस्टी धरते, ती परत यायची नाही."

रात्री हे नवऱ्याच्या कानावर गेलं. नवऱ्यानं दोघींसमोर हात टेकले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. भांडी घासायला येणाऱ्या अक्काला मी हाताशी घेतलं. माझा एक हात पट्टीत, म्हणून पऱ्हाट्या तिनं उचलायच्या आणि मी सांडशी धरायची. वरचा थर निघाला, मधला निघाला. खालून वाफ यावी तसा तो टिंक्चरचा वास आला. तळाला वाणीच वाणी, एकमेकांत गुंतलेले. बाई बोळाच्या तोंडाशी घुंगट घेऊन उभ्या होत्या. मुलगी त्यांच्याच कडेवर होती.

अक्कानं कुजका लगदा काठीनं बाजूला केला आणि एकदम मागे सरकली. "माय वं! आठे ते बठ्ठ्या घोनीच शेतस!"

खरंच, तिथे सगळ्या घोणीच होत्या. ऊन लागताच त्या सैरावैरा धावल्या. मी एक पकडली. पाठीवर केशराचा ठिपका. डब्यात टाकली. दुसरी पकडली. तिच्याही पाठीवर ठिपका. तिसरीच्या पाठीवर फिकट झालेला, पण होताच. एक होती तिला ठिपका नव्हता, पण पोटाखाली बारीक पांढऱ्या अंड्यांचा पुंजका कवटाळून ती वेटोळं करून बसली होती आणि ऊन लागलं तरी हलत नव्हती.

बाईंना खोलीत ठिपका नसलेली घोण सापडली की त्यांना वाटायचं, गंध पुसलं गेलं. मग त्या पुन्हा लावायच्या. एवढी साधी गोष्ट. मी डबा उघडा करून त्यांच्यासमोर धरला. आदल्या रात्री मी मनात वाक्य घोळवलं होतं, सांगा आता, यातले तुमचे सासरे कोणते. ते जिभेवर आलंही होतं.

बाईंनी डब्यात पाहिलं. मग हळूहळू त्यांनी घुंगट मागे केला. भर उजेडात मी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं वाक्य घशातच राहिलं.

"मग एवढे दिवस मी पाणी कोणाला पाजलं?" त्या म्हणाल्या. "आणि ते अजून तहानलेलेच?"

मी डब्याचं झाकण लावलं.

घोणी आणि ती अंडी आम्ही गावाबाहेर गिरणा नदीच्या काठी, लांब झाडीत नेऊन सोडली. ढिगाची जागा खणून कोरडी केली, चुन्याची फक्की पसरली. सरपण भिंतीपासून लांब, दगडांवर रचायला लागलो. मोरीचं भोक सिमेंटनं बुजवलं आणि धुणं मी अंगणात नेलं. ओल गेली तसे आधी वाणी गेले, आणि मग त्यांच्या मागोमाग बाकीचं सगळं. मारावं काहीच लागलं नाही. त्या मोरीच्या कोपऱ्यात पुढे मी कोणाला चूळसुद्धा भरू दिली नाही. पाण्याचा थेंब सांडला तरी मी घर डोक्यावर घ्यायची. मुलगी त्याच खोलीत रांगली, चालली, शाळेत जाऊ लागली.

बाई त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. फक्त कधी मी त्या खोलीत पाणी पीत असले तर त्या दारात थांबून माझं पिऊन होईपर्यंत बघत राहायच्या.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा त्या आजारी पडल्या आणि त्याच खोलीत त्यांचं अंथरूण घातलं. त्यांचाही चौविहार. शेवटच्या दिवशी दिवेलागण झाली होती, नवरा डॉक्टरांना आणायला गेला होता. बाईंनी हात उचलला आणि लोट्याकडे दाखवला. मी क्षणभरही विचार केला नाही. नेम मोडल्याचं पाप असेल ते माझ्या माथी, म्हटलं, आणि उठले.

लोटा घेऊन वळले तर बाईंचा हात पदर शोधत होता. त्यांची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती मोरीच्या कोपऱ्यात होती. पदर त्यांनी कसाबसा ओढला, हनुवटीपर्यंत.

मी तिकडे पाहिलं नाही. माझी छातीच झाली नाही. घुंगट जरासा उचलून मी चमच्यानं पाणी घातलं. त्या प्यायल्या, पोटभर प्यायल्या. मग बोट उचलून कोपऱ्याकडे केलं आणि इतक्या वर्षांनी, घरात मोठ्यांसमोर सुना बोलतात तसं कुजबुजत म्हणाल्या, "त्यांना पण."

मी उठले. इतकी वर्षं थेंब न सांडू दिलेल्या त्या कोपऱ्याशी गेले, डोक्यावर पदर घेतला आणि लोट्यातलं उरलेलं पाणी सावकाश, धार न तोडता ओतलं.